तुपाची पहिली वाढ

“वृषाली, बीट आलं वं!”

नाना न्हाणीतून ओरडले तेव्हा मोठी आई ओसरीवर लग्नाचे गहू निवडत होती. तिनं कपाळावर हात मारला. “काय हा माणूस! साऱ्या गल्लीले ऐकवते.”

मी चहा खाली ठेवून न्हाणीकडे गेले. नानांनी सदरा वर धरला होता. पोटाच्या उजव्या बाजूला चिकटवलेल्या पारदर्शक पिशवीत लालभडक पाणी जमलं होतं.

“सकाळी न्याहारीले खाल्लं, दुपारच्या चहाच्या आधी हजर,” नाना म्हणाले. “एसटीपेक्षा भरवशाचं आहे. दाळीले जास्त वेळ लागते, भाताले कमी. आता सांग, तुह्या पुस्तकात असंच आहे का?”

“साधारण असंच आहे, नाना.”

“साधारण नाही. बरोब्बर सांग.”

मी हसले, पण पुस्तकात बघून सांगायचं कबूल केलं.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मुरलीधर फेगडे; मोठी आई त्यांची बायको. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. आदल्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटाला कॅन्सर निघाला. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आतला सांधा भरून येईपर्यंत लहान आतडं पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून ठेवलं होतं आणि त्यावर ही पिशवी लावली होती. व्यवस्था तात्पुरती होती. केमो संपली होती. रोहिणीचं, म्हणजे नानांच्या मुलीचं, लग्न उरकलं की आतडं परत आत घेऊन पोट शिवायचं ठरलं होतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी.ची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी होते. मोठ्या आईनं पहिल्यांदा पिशवी बदलली तेव्हा तिला उलटी झाली. उलटीपेक्षा नानांनी ती होताना पाहिलं याचंच तिला जास्त वाईट वाटलं. मग ते काम माझ्याकडे आलं. प्रयोगशाळेत मी जंतू वाढवायच्या, याहून वाईट वासाच्या बश्या रोज उघडल्या होत्या. शिवाय मला कुतूहल होतं. बाहेर आलेलं आतडं हिरडीसारखं लाल आणि ओलं दिसतं, पण त्याला हात लावला तर दुखत नाही. हे मी सांगितलं तेव्हा नानांनी स्वतः बोट लावून खात्री करून घेतली आणि म्हणाले, “खरंच की! माह्यंच आहे अन् माह्यं नाही.”

दवाखान्यात पिशवीचं शिकवणाऱ्या एक सिस्टर होत्या. दर भेटीला त्या तेच सांगत. मोठं आतडं सध्या कामावर नाही, म्हणजे पाणी आणि मीठ शोषून घेणारं कोणी नाही. एक वेळ जेवण चुकलं तर चालेल, पण मीठ-साखरेचं पाणी चुकवू नका. पाणी कमी पडलं तर किडनीवर येईल, आणि किडनीवर आलं तर पोट शिवायचं विसरा.

“विसरा म्हणते,” नाना घरी येऊन नक्कल करत. “माणसानं काय काय विसरावं!” पण पाण्याची बाटली त्यांच्या हातातून सुटत नसे.

लग्न मे महिन्यात होतं. नानांचा मुलगा योगेश पुण्याहून रजा घेऊन आला तो आचारी, मांडव, गाड्या असं सगळं फोनवर ठरवूनच आला. त्या दुपारी तो ओसरीवर बसून सांगत होता आणि नानांचे मित्र सुपडूकाका पाय पसरून ऐकत होते.

“जेवण बुफे सांगितलंय,” योगेश म्हणाला.

“काय जेवण?”

“वरण-बट्टीच. तुमच्या आवडीचं.”

सुपडूकाका खो खो हसले. “बट्टीचा बुफे? अरे भो, एका हातात ताट धरायचं, दुसऱ्या हातानं बट्टी चुरायची, मंग वरणाचं आळं कोण करीन? जावयाचा बाप?”

आमच्याकडे बट्टी जमिनीवर बसून, केळीच्या पानावर खायची असते. तळलेली गव्हाची बट्टी हातानं चुरायची, मधोमध आळं, म्हणजे खड्डा करायचा, त्यात वरण घ्यायचं आणि मग तुपाची वाट बघायची. तूप पडल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. ही पहिली वाढ घरच्या कर्त्या माणसाची. दुसऱ्यांदा तूप आलं की पानावर हात आडवा धरून नको म्हणता येतं. पहिल्या वाढीला म्हणायचं नसतं. साखरेचे, रक्तदाबाचे, सगळे आजारी लोक पहिल्या वाढीला गप्प बसून राहतात. आणि तूप वाढणारा शेवटची पंगत उठेपर्यंत स्वतः जेवत नाही. मग घरातली माणसं त्याला पानावर बसवतात आणि ज्या मुलीचं लग्न असेल ती त्याला तूप वाढते.

नानांनी उभ्या गावाच्या लग्नांत तूप वाढलं होतं. ज्यांच्या घरी कर्तं माणूस उरलं नव्हतं ते नानांना बोलवून नेत. त्यांच्या तोटीच्या झारीतून पानाबाहेर थेंब पडत नाही असं लोक म्हणत. मी लहानपणी ते मुद्दाम बघत बसायचे. खरंच पडत नसे.

“बुफे नको,” नाना म्हणाले. “पंगत होईन. माह्या पोरीचं लग्न आहे, पहिली वाढ मी वाढीन.”

योगेश थोडा वेळ फोनशी खेळत राहिला. “नाना, रोहिणीच्या सासूबाईंचा फोन होता.”

“काय म्हणे?”

“तब्येतीची चौकशी केली.”

“मंग सांगायचं ना, बरा आहे.”

“सांगितलं. मग विचारलं…” तो थांबला. “विचारलं की वाढायला कोण कोण असणार.”

गहू निवडणारे मोठ्या आईचे हात थांबले. सुपडूकाकांनी पाय जवळ घेतले.

साखरपुड्याला काय झालं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. विहिणीच्या पुढे नारळ ठेवायला नाना खाली वाकले आणि पिशवीची चिकट कड सुटली. धोतरावर पिवळा डाग पसरला, वास सुटला. मी त्यांना आत नेऊन धुऊन बाहेर आणेपर्यंत मुलाकडची नाशिकची मंडळी चहा न घेताच निघाली होती. उशीर होतोय म्हणाली होती.

“वाढायला वाकावंच लागतं, नाना,” योगेश हळू आवाजात म्हणाला. “पानापानाला वाकावं लागतं. त्या दिवशीसारखं झालं तर? पानावर? रोहिणीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.”

मोठी आई म्हणाली, “तुह्या बापाले असं बोलतो?”

“मग कोणी बोलायचं? तू बोलणार आहेस?”

नाना रागावले नाहीत. ते पोटावर हात ठेवून विचार करत होते. बिटाच्या वेळी करत तसाच. “रिकामी पिशवी गळते का, वृषाली?”

“रिकामी नाही गळत. वजन आलं की कड सुटते.”

“वास?”

“आत काही नसेल तर वास कसला?”

“ऐकलं?” ते योगेशला म्हणाले. “त्या दिवशी पिशवी रिकामी राहीन. आमच्याजवळ बिटाचं गणित आहे. वाकलो तरी काही होणार नाही. चालते का मंग?”

मीही म्हणाले की वेळ सांभाळली तर जमेल. पहाटे थोडं खायचं, पंगतीच्या आधी पिशवी ओतून धुवायची, नवी कड लावायची. योगेशनं माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. “रिकामी असेल तर ठीक आहे,” तो म्हणाला. त्यालाही हो म्हणायचं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“झारी चिंचेनं घासून ठेव,” नानांनी मोठ्या आईला सांगितलं.

लग्नघरात कोण कुठे जेवतं याचा पत्ता लागत नाही. हळदीच्या आदल्या दिवशी मी विचारलं तर नाना म्हणाले, सुपडूकडे जेवलो. हळदीच्या दिवशी विचारलं तर म्हणाले, घरीच जेवलो, तू नव्हती. पाण्याची बाटली हातात होतीच. भरलेली होती.

लग्नाच्या सकाळी मी नवी कड लावायला गेले. जुनी पिशवी काढली तर आत चमचाभर हिरवट चिकट द्रव, एवढंच. उपाशी माणसाच्या आतड्यातूनही पाचक रस पाझरत राहतो, त्यामुळे पिशवी इतकी कोरडी मी कधी पाहिली नव्हती.

“गोळी घेतलीत का?” पातळ होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या होत्या.

“घेतली.”

“पहाटे काही खाल्लं?”

“तूप वाढणारा जेवत नसते, वृषाली.”

“पण पाणी तरी?”

“पितो वं. चाल, आवर लवकर. नवरदेव पारावर आला.” त्यांचा आवाज बसला होता. लग्नघरात सगळ्यांचेच आवाज बसलेले असतात. त्यांनी नवा सदरा घातला, पोटावरून हात फिरवला आणि आरशात बाजूनं पाहिलं. पिशवीचा फुगवटा कुठेच दिसत नव्हता. “सपाट,” ते म्हणाले. “पोरगा झालो पाह्य.”

लग्न लागलं. मांडवाला पत्र्याचं छत होतं आणि पत्रे तापले होते. पहिली पंगत नाशिकच्या पाहुण्यांची बसली, समोरासमोर दोन ओळी, एक पुरुषांची, एक बायकांची. पानं मांडली गेली, बट्ट्या आल्या. सुपडूकाका वरणाची बादली घेऊन पुढे गेले. “चुरा, चुरा, लाजू नका. आमच्याकडे पाहुण्याचं पोट पाहून विडा देतात!” पुरुषांची ओळ हसली.

मग नाना निघाले.

उजव्या हातात झारी, डावा हात पाठीशी. पानाशी थांबायचं, कमरेतून वाकायचं, धार सोडायची, झारी किंचित फिरवून धार तोडायची, उभं राहायचं. मी मांडवाच्या खांबाशी उभी राहून फक्त त्यांच्या पोटाकडे बघत होते. सदरा कुठे ओला होतो का, कड कुठे उचलते का. काही झालं नाही. पुरुषांची सगळी ओळ झाली. पानाबाहेर थेंब नाही. सगळ्यांचे कपडे घामानं पाठीला चिकटले होते, नानांचा सदरा मात्र इस्त्रीसारखा कोरडा होता.

ते बायकांच्या ओळीकडे वळले. पहिलं पान रोहिणीच्या सासूबाईंचं. नाना वाकले तेव्हा सासूबाईंनी हसून पानावर हात आडवा धरला. “मला नको हं. डॉक्टरांनी तूप बंद केलंय.”

नाना वाकलेलेच राहिले क्षणभर. मग उभे राहिले. पुढचं पान सासूबाईंच्या जावेचं. “मलाही नको.” त्यापुढच्या बाईनं नुसता हात आडवा धरला. नाना प्रत्येक पानाशी थांबले, वाकले, उभे राहिले. एकही पान त्यांनी गाळलं नाही. ओळ संपेपर्यंत झारीतून धार निघाली नाही.

“शहरच्या बायका, तुपाले भितात,” सुपडूकाका माझ्याजवळून जाताना पुटपुटले. “कोरडी बट्टी कशी उतरीन घशाखाली?”

ओळीच्या शेवटाला नानांची बोटं झारीच्या मुठीवर आखडून बसली होती, ती त्यांना दुसऱ्या हातानं सोडवावी लागली. योगेशनं येऊन झारी घेतली. “बसा आता. दुसरी वाढ मी करतो.” नाना माझ्या खांबाजवळच्या खुर्चीवर बसले. मी पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी तो हातात धरला आणि पंगतीकडे बघत राहिले. मला रोहिणीनं आतून हाक मारली म्हणून मी गेले.

पुढच्या पंगती गावच्या होत्या. नाना पुन्हा उठले, त्याही वाढल्या. गावच्या पंगतीत कोणी हात आडवा धरला नाही.

सगळ्यांचं झाल्यावर आम्ही त्यांना पानावर बसवलं. मोठ्या आईनं बट्टी वाढली. रोहिणी शालूचा पदर खोचून झारी घेऊन आली. तिला धार तोडता येईना, तूप पानावरून वाहायला लागलं. “अगं, बस! म्हशी धुते का?” नाना म्हणाले आणि सगळे हसले. रोहिणी रडायला लागली. तिला घेऊन बायका मांडवाच्या दाराशी गेल्या, गाडी लागली होती.

नाना बट्टी चुरत होते. बारीक चुरली, आळं केलं, कड सारखी केली. हात तोंडाशी नेला, खाली आणला, पुन्हा नेला. मी समोर बसले होते. आळ्यातलं वरण होतं तेवढंच होतं.

“नाना, तुम्ही जेवत नाही आहात.”

“गाडी जाऊ दे,” ते म्हणाले. “तिच्या गाडीपाशी उभं राह्यचं आहे. ते लोक असतीन तिथी. मंग जेवतो.”

ते उठायला गेले आणि पानाशेजारीच कोसळले. सदरा वर सरकला. पोटावर पिशवी कागदासारखी चपटी होती. योगेश धावत आला. त्यानं आधी सदरा खाली ओढला, मग हाक मारली, “नाना!”

दवाखान्यात सिस्टरनी त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. “शेवटचं पाणी कधी प्यायले?” त्यांनी विचारलं.

“तूप वाढणारा जेवत नाही, बाई,” मोठी आई म्हणाली.

“जेवणाचं नाही विचारत. पाणी.”

मोठ्या आईनं सुपडूकाकांकडे पाहिलं. “तुमच्याकडे जेवले ना ते परवा?”

“माह्याकडे? मले तं म्हणे घरून जेवून आलो.”

सदऱ्याच्या खिशात पातळ होऊ नये म्हणून दिलेल्या त्या गोळ्यांची पट्टी सापडली. सगळी रिकामी.

डॉक्टरांनी आधी सलाइन लावलं, मग डायलिसिस सुरू केलं. दोन-चार वेळा करून बघू, अशा वेळी किडन्या पुष्कळदा परत काम करू लागतात, असं म्हणाले. मी लघवीच्या पिशवीवरच्या रेघा बघत असे. पाणी वरच्या रेघेला गेलं नाही. आठवडा गेल्यावर डॉक्टर किडन्यांविषयी बोलेनासे झाले. पोट शिवायचं ऑपरेशन होणार नाही हे सिस्टरनी मला बाहेर बोलावून सांगितलं. “इतक्यांदा सांगितलं होतं हो,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “त्यांना सगळं पाठ होतं. मलाच म्हणून दाखवायचे.”

एका दुपारी मी वॉर्डमध्ये पिशवी बदलत होते. डायलिसिसनंतर नाना थकून पडलेले असत, पण त्या दिवशी जागे होते. शेजारच्या पलंगावरच्या माणसाकडे त्यांनी पाठ केली.

“वृषाली, पहिल्या वाढीले तूप कोणी नाही म्हणते का वं?”

मी कड दाबून बसवत होते. “शहरची माणसं आहेत, नाना. डॉक्टरांनी बंद केलं असेल.”

“एकीचं केलं असीन. साऱ्या ओळीचं केलं?”

मी कडेवरून पुन्हा बोट फिरवलं.

“दुसऱ्या वाढीले योगेश गेल्ता. तू आत होती. मी खुर्चीवर होतो.” ते थांबले. त्यांना बोलताना दम लागत होता. “त्याच्याकडून घेतलं त्याहीनं. सगळ्याहीनं. विहीणबाई म्हणे, अजून थोडं वाढा.”

पंखा फिरत होता. मी पिशवीचं तोंड दुमडून चिमटा लावला.

“कोरडी होती ना पिशवी?”

“कोरडी होती.”

“वास?”

“अजिबात नव्हता, नाना.”

“बरोब्बर सांग.”

“मी सकाळी स्वतः लावली होती. आत काही नव्हतं. वास नव्हता. वाकल्यावर कड उचलली नाही. मी पूर्ण वेळ बघत होते.”

त्यांनी मान हलवली. “तू पाह्यलं आहे. तू शिकेल आहे, तुह्यं लोकं ऐकतीन. कोणी इचारलं तं सांगशील.”

“सांगेन.”

“मुद्दाम नको सांगू. रोहिणीले तरास होईन. कोणी इचारलं तं.”

नाना दिवाळीपर्यंत होते. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गाडीतून डायलिसिसला जायचे आणि गाडीतून परत यायचे. पाणी आता मोजूनच प्यायचं होतं. पिशवी शेवटपर्यंत राहिली. आंघोळ घालताना मोठ्या आईनं ती स्वतः काढली, पोट पुसलं आणि त्या जागेवर बराच वेळ हात ठेवला.

तेरवीला योगेशनं पंगतच ठेवली. नाशिकहून रोहिणीची सासरची माणसं आली होती. पहिली वाढ सुपडूकाकांनी केली. त्यांच्या झारीतून पानाबाहेर पुष्कळ तूप सांडलं. रोहिणीच्या सासूबाई माझ्यासमोरच्या ओळीत बसल्या होत्या. त्यांनी तूप घेतलं, बट्टीत कालवलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, “लग्नात नानांनी स्वतः वाढलं होतं हो. इतक्या आजारपणात. त्यांच्या हातच्या तुपाची चव अजून तोंडात आहे.”

शेजारची बाई म्हणाली, “हौशी माणूस.”

मी समोरच होते. बट्टी चुरली, आळं केलं. त्यांचं जेवण होऊन त्या हात धुवायला उठेपर्यंत मी पानावर बसून राहिले. त्यांनी जाताना माझ्याकडे पाहून ओळखीचं हसू केलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. त्या घरच्या माणसांशी अनेकदा भेटी झाल्या, बारशाला, वास्तूला, लग्नांना. मला कोणी काही विचारलेलं नाही.